इतिहासाच्या घरात आपली मुले हवीत

"आर्ट्‌स घेतलंस, आता नोकरी कुठली?" घाटकोपर-मुलुंडच्या चाळींत निकालाच्या दिवसांत हा प्रश्न हमखास ऐकू येतो. उत्तरे दोनच : बी. एड. किंवा बँकेची परीक्षा. तिसरे दार कुणी दाखवत नाही. ते आहे वस्तुसंग्रहालयाचे आणि जुनी कागदपत्रे जपणाऱ्या पुराभिलेखागाराचे.

हे दार आपल्यापासून दूर नाही. बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत आपण मुलाबाळांसह जातो, वंदना घेतो. तिथल्या ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे आहेत. कल्याणच्या एका लोहाराने पायवाट करून दिली, तिथल्याच एका सोनाराने पाण्याचे टाके दिले. कष्टकऱ्यांचे दान दगडावर कोरलेले आहे. पण ते वाचू शकणारे आपल्यात किती?

भगवानलाल इंद्रजी यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. जुनागढला त्यांनी ब्राह्मी लिपी स्वतःच शिकून घेतली. पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी गावोगाव फिरून शिलालेखांच्या नकला केल्या. त्याच माणसाने १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उजेडात आणला. या क्षेत्रात शिरण्याची वाट अशी आहे : आधी हातात कसब, मग खुर्ची.

वसंत मून यांचे उदाहरण तर आपल्या घरचेच. त्यांनी बाबासाहेबांचे विखुरलेले साहित्य आणि हस्तलिखिते जमवून संपादित केली. म्हणून १९७९ पासून शासनाचे खंड निघू लागले. कागद जपणारा माणूस नसता तर आज आपल्या हाती काय राहिले असते?

मग पदवीधराने काय करावे? प्रथम एक लिपी पक्की करावी. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. मुंबई विद्यापीठात आणि विद्याविहारच्या सोमय्या संकुलात पाली शिकता येते. फोर्टच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संग्रहालयशास्त्राची पदव्युत्तर पदविका आहे. इतिहासात एम. ए. झालेल्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या पदविकेचीही चौकशी करावी. प्रवेशाच्या अटी आणि फी त्या त्या ठिकाणी जाऊन विचाराव्यात.

खरे सांगायचे तर जागा थोड्या आहेत. सुरुवातीला कंत्राटी काम, सूची करणे, धूळ झाडणे हेच वाट्याला येते. पगार बेताचा असतो. आईवडिलांनी हे आधीच समजून घ्यावे आणि वर्ष-दोन वर्षे मुलाच्या, विशेषतः मुलीच्या, पाठीशी उभे राहावे.

शिकायला मात्र आजच, घरातूनच सुरुवात करता येते. आजोबांचा १९५६ च्या धम्मदीक्षेचा फोटो, गिरणीचे कार्ड, नामांतर लढ्याची पत्रके पत्र्याच्या पेटीत पडली असतील. ती रद्दीत घालू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. ओलीपासून दूर ठेवा. फोटोत कोण, कुठे, कोणत्या साली, हे आजीला विचारून वहीत लिहा आणि प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. विहारातल्या जुन्या कागदांची अशी एक यादी केलीत, तर मुलाखतीला जाताना दाखवायला तुमचे स्वतःचे काम हाती असेल.

आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला, ही तक्रार आपण खूप वर्षे केली. आता त्या कपाटाची किल्ली आपल्या मुलीच्या हाती येऊ द्या.

जयभीम!