नवा कोयता विकण्याआधी झुडपात पारखा

पावसाळा सरत आला की हार्डवेअरच्या दुकानांत कोयत्याची विचारणा सुरू होते. मीरा-भाईंदर म्हटले की डोळ्यांपुढे इमारतींची रांग येते. पण उत्तन, डोंगरी, चौक, राई, मुर्धे आणि पलीकडे काशी, चेणे, घोडबंदर या गावांत आजही वाड्या आणि मोकळ्या जागा आहेत. चार महिन्यांच्या पावसात तेथे टाकळा, आघाडा, रानमोडी आणि घाणेरी माणसाच्या उंचीची होते. ती साफ करण्यासाठी माळी, वाडीवाले, सोसायट्यांचे मुकादम कोयता घेतात. हा माल घडविणारे आणि विकणारे अनेक बंधू या पानाचे वाचक आहेत. म्हणून नव्या कोयत्याची परीक्षा कशी घ्यावी, हे आम्ही येथे क्रमाने देत आहोत.

परीक्षा कशासाठी, असे कोणी विचारील. कोयता दिसायला सारखाच असतो, फरक कामात कळतो. मूठ निसटली तर पाते शेजारच्याच्या अंगावर जाते. पात्याचा टवका उडाला तर डोळा जाऊ शकतो. अशी एक घटना घडली की गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी पुन्हा चढत नाही, आणि दुकानदार त्या कारागिराचा माल पुन्हा उचलत नाही. तेव्हा प्रत्येक नव्या खेपेतून निदान एक कोयता स्वतः चालवून पाहावा, असे आमचे सांगणे आहे.

पोलाद ओळखा

आपल्याकडचे बहुतेक चांगले कोयते ट्रक-जीपच्या जुन्या कमानपट्ट्यापासून घडवतात. या पोलादात कार्बन साधारण अर्धा टक्का किंवा थोडा अधिक असतो. त्यामुळे ते पाणी घेते, म्हणजे तापवून एकदम थंड केल्यावर कडक होते. साध्या पत्र्यात किंवा बांधकामाच्या पट्टीत कार्बन कमी असतो. कितीही पाणी द्या, धार टिकत नाही.

भाईंदरमध्ये स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे कारखाने जुने आहेत. त्यामुळे तसल्या पत्र्याचे चकचकीत कोयते का करू नयेत, असा प्रश्न आमच्याकडे येतो. उत्तर सरळ आहे. भांड्यांचे नेहमीचे स्टेनलेस तापवून पाण्यात बुडविले तरी कडक होत नाही. ते गंजत नाही हे खरे, पण घाणेरीच्या दहा-वीस खोडांतच त्याची धार बसते. साधी खूण म्हणजे लोहचुंबक. असे स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही, किंवा अगदी कमी चिकटते. कमानपट्टा घट्ट धरतो. मात्र साधा मऊ पत्राही चुंबक धरतो, म्हणून एवढ्यावर थांबू नये.

दुकानातच घ्यायची परीक्षा

१) कोयता डोळ्यासमोर धरून पाठीच्या बाजूने पाहा. पाते मुठीच्या रेषेत सरळ हवे.

२) पाते सैल टांगून हलके ठोका. स्वच्छ नाद आला तर ठीक. बद्द आवाज आला तर चीर असण्याचा संशय धरा आणि धारेजवळ भिंगाने पाहा.

३) धारेवर बारीक कानस फिरवा. कानस नुसतीच घसरली तर पाणी जास्त झाले आहे, धार ठिसूळ निघेल. लोण्यासारखी आत गेली तर पाणी लागलेलेच नाही. कानस जेमतेम धरते, तो कोयता कामाचा.

४) मुठीत बसणारी पात्याची शेपटी किती आत गेली आहे ते पाहा. ती आरपार जाऊन मागे वळवलेली, किंवा रिव्हेटने पक्की केलेली असावी. मुठीच्या तोंडाशी लोखंडी शेंबी घट्ट हवी. ओल्या लाकडाची मूठ दोन महिन्यांत सुकून आकसते आणि पाते खेळू लागते. लाकूड वाळलेलेच वापरावे.

झुडपात घ्यायची परीक्षा

जागेच्या मालकाची परवानगी घेऊनच जागा निवडा. आधी काठीने झुडूप हलवा आणि थोडे थांबा. पावसाळ्यानंतर दाट गवतात घोणस, फुरसे, नाग यांचा वावर असतो. आपल्या भागात आणखी एक धोका म्हणजे बांधकामाचा राडारोडा. सळईचे तुकडे, फुटक्या फरशा, बाटल्या गवतात दडलेल्या असतात. त्यावर कोयता आपटून टवका उडाला तर दोष कारागिराचा नव्हे. पायांत जाड बूट असू द्या, आणि हाताच्या व कोयत्याच्या टप्प्यात कोणालाही उभे करू नका.

पहिला घाव टाकळा व गवतावर घाला. मऊ काडी वाकून निसटते, म्हणून येथे वजनाचा उपयोग नसतो. धार आणि वेग लागतो. काडी कापली न जाता लवली तर धार नीट लागलेली नाही. मात्र फक्त गवतच कापायचे असेल तर विळाच बरा, हे गिऱ्हाइकाला प्रामाणिकपणे सांगावे.

दुसरी पायरी घाणेरीची. तिलाच कोठे टणटणी म्हणतात. हे मूळचे अमेरिका खंडातील झुडूप आहे. बोटाएवढे तिचे खोड लवचीक आणि काटेरी असते. ते हाताने न धरता आकड्याच्या काठीने ओढून धरा आणि बुंध्याशी तिरपा घाव घाला. आडवा घाव उसळी मारतो. कोयता आपल्या नडगीकडे न येता बाहेर जाईल, असे उभे राहा. चांगला कोयता एका-दोन घावांत खोड तोडतो आणि मुठीत झिणझिण्या आणत नाही. झिणझिण्या आल्या तर वजनाचा तोल चुकला आहे किंवा मूठ सैल आहे.

तिसरी पायरी वाळलेल्या बांबूची. बांबूच्या सालीत वाळूच्या जातीचा कठीण अंश असतो. तो धारेची खरी कसोटी घेतो. वीस-पंचवीस घाव घाला आणि पाते पुसून धार उजेडाकडे धरा. नीट धार उजेडात दिसत नाही; जेथे पांढरी रेघ चमकते तेथे ती बोथटली आहे. आता दोष नीट ओळखा. धार एका बाजूला दुमडली असेल तर पाते मऊ आहे. धारेचे कण उडाले असतील तर पाते ठिसूळ आहे. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

कारागिरांसाठी

पाते चुंबक धरीनासे होईपर्यंत लाल तापवावे आणि तेलात बुडवावे. कमानपट्ट्याला थेट पाण्यात बुडविल्यास चीर पडण्याची भीती असते. त्यानंतर पाते घासून स्वच्छ करून पुन्हा हळूहळू तापवावे. प्रथम गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा रंग चढतो. कोयत्याला तपकिरी ते जांभळ्याच्या मधला रंग, म्हणजे साधारण २५५ ते २७५ अंश सेल्सिअस, योग्य ठरतो. पिवळ्यावरच थांबले तर धार ठिसूळ राहते. पाठीकडे निळा रंग गेला तर चालते. पाठ लवचीक असलेलीच बरी.

ग्राइंडरवर धार काढताना पाते निळे पडले की तेथले पाणी उतरले असे समजावे. म्हणून पाते वरचेवर पाण्यात बुडवीत राहावे आणि शेवटची धार दगडावर लावावी. हत्यारांना धार व चकाकी देणाऱ्या शिकलगारांचे नावच ‘सैकल’ म्हणजे घासून उजळणे या अरबी शब्दावरून आले आहे. पिढ्यान्‌पिढ्यांचे ते कसब ग्राइंडरच्या घाईत जाऊ देऊ नये.

खाडीकाठच्या खाऱ्या हवेत कोयता लवकर गंजतो. काम संपल्यावर पाते धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवावा, हे विकतानाच सांगावे.

कोठे चालवू नये

हा भाग व्यापाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवावा. खाडीकाठचे तिवर, म्हणजे कांदळवन, झुडपासारखे दिसले तरी त्याला हात लावू नये. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यभर कांदळवन तोडण्यास मनाई केली आहे. काशीमिरा-चेण्याकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागते. तेथे तोड करणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. शहरातील झाडांना १९७५ चा वृक्ष जतन कायदा लागू आहे.

दुसरी गोष्ट कोयता नेण्या-आणण्याची. शस्त्र कायदा, १९५९ मधील व्याख्येतून केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी बनविलेल्या वस्तू वगळल्या आहेत. परंतु महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली वेळोवेळी मनाई आदेश निघतात आणि त्या काळात रस्त्यावर उघडे हत्यार नेणे अंगाशी येते. पुण्यात २०२२-२३ मध्ये ‘कोयता गँग’च्या बातम्या गाजल्यावर कोयता विकणाऱ्यांवरही पोलिसांची नजर गेली होती. इमानाने धंदा करणाऱ्याने संशयाला जागाच ठेवू नये. माल गोणपाटात बांधून न्यावा, पक्के बिल सोबत ठेवावे, चाचणीसाठी एकच नग न्यावा. अनोळखी गिऱ्हाइकाला काम कोणते ते विचारावे आणि अल्पवयीन मुलाला कोयता देऊ नये.

खेपेची नोंद

एक साधी वही ठेवावी. कोणत्या कारागिराचा माल, किती नग, तारीख, बांबूवर धार दुमडली की उडाली, परत किती आले, एवढे लिहिले तरी पुरे. ही नोंद कारागिराला दाखवावी. पाणी कमी पडले की जास्त, हे त्याला पुढच्या भट्टीत सुधारता येते. बाजारात पत्र्याचा स्वस्त कोयता येतच राहणार. त्याच्याशी किमतीत झुंजण्यापेक्षा ‘हा आम्ही झुडपात चालवून पाहिला आहे’ असे ठामपणे सांगता येणे, हीच कारागिराची आणि दुकानदाराची खरी पत आहे.