गुंत्याची कड

सकाळी 5.50. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयाचं तळघर. फिजिसिस्ट मॅडम डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून आल्यात. डबा कपाटात ठेवतात, छातीला अंगावर पडलेले किरण मोजणारा टीएलडी बॅज लावतात आणि गामा नाइफच्या, म्हणजे मेंदूवर किरणांनी उपचार करणाऱ्या मशीनच्या, खोलीत जातात. या मशीनच्या पोटात कोबाल्ट-60 चे 192 स्रोत आहेत. दार, दिवे, कॅमेरा, इंटरकॉम, टायमर, लाल बटण, सगळं रोज तपासायचं. त्या मुद्दाम दार उघडं ठेवून मशीन सुरू करायला जातात. मशीन सुरू होत नाही. बरोबर. वहीत खूण. कोबाल्ट दर महिन्याला साधारण एक टक्क्याने उतरतो. म्हणून आजचा हिशोब आजच्याच आकड्याने करायचा, कालचा चालत नाही.

सकाळी 6.45. पेशंट आला. वय 27, सांगोल्याचा, टेम्पो चालवतो. आठ महिन्यांपूर्वी माल उतरवताना फिट आली. त्याआधी उजव्या बाजूला झगझगाट दिसला होता. एमआरआयत मेंदूच्या मागच्या भागात, डावीकडे, रक्तवाहिन्यांचा गुंता निघाला. एव्हीएम. एरवी धमनीतलं रक्त केशवाहिन्यांच्या बारीक जाळ्यातून जातं, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मग ते शिरेत येतं. इथे मधलं जाळंच नाही. धमनीचा सगळा जोर थेट शिरेवर. असा गुंता दरवर्षी शंभरातल्या दोन ते चार जणांत फुटतो.

सोबत मोठा भाऊ आहे. घरची दोन एकर डाळिंब. गाडी बंद झाल्यापासून घरात रोख पैसा येतो तो तेवढाच. टेम्पोच्या फेरीमागे नऊशे रुपये सुटायचे, तो सांगतो.

सकाळी 7.10. फ्रेम. डोक्याभोवती धातूची चौकट बसवायची आणि चार स्क्रूंनी कवटीला घट्ट करायची. केस कापत नाहीत. सर्जन चार ठिकाणी भूल टोचतात.
"लागंल का, साहेब?"
"सुया लागतील. नंतर नुसता दाब. खोटं नाही सांगत."
पहिल्या सुईला त्याचे डोळे भरतात. वॉर्डबॉय मामा मागून त्याचे खांदे धरून उभे आहेत. स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांत, दोघांनी एकाच वेळी, हातानेच आवळायचे. एक बाजू आधी ओढली गेली की फ्रेम तिरपी बसते. पाच मिनिटांत काम होतं. आता संध्याकाळपर्यंत त्याचं डोकं आणि ही चौकट एकच वस्तू. आजचं प्रत्येक माप या चौकटीपासून घेतलं जाणार.

सकाळी 8.00. एमआरआय. फ्रेमवर एक पारदर्शक पेटी चढते. तिच्या भिंतींत नळ्या आहेत, नळ्यांत निळसर पाणी. भाऊ विचारतो, हे काय? टेक्निशियन सांगतो, कॉपर सल्फेट.
"म्हणजे मोरचूद!" भावाचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल होतो. डाळिंबावर बोर्डो मारायला तेच लागतं.
ते पाणी एमआरआयत पांढऱ्या ठिपक्यांसारखं उमटतं. ठिपक्यांवरून संगणक चौकट ओळखतो आणि मेंदूतल्या प्रत्येक बिंदूचा पत्ता लावतो. एकेक मिलिमीटरचे काप. पस्तीस मिनिटं खडखडाट, पेशंट निपचित.

सकाळी 9.20. कॅथलॅब. शिशाचे ॲप्रन सगळ्यांच्या अंगावर. मॅडमही आत उभ्या राहतात. त्यांना चित्र हातात येण्याआधी ते घडताना पाहायचं असतं. मनगटाच्या धमनीतून बारीक नळी मानेपर्यंत जाते. नळीतून रंग सोडण्याआधीचं चित्र रंगानंतरच्या चित्रातून वजा केलं जातं. हाड गेलं, उरल्या फक्त रक्तवाहिन्या. हीच डीएसए.

पडद्यावर पाहिलेलं अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. धमनीची काळी रेघ वर चढली. एका जागी कुणी सुतळीचा गुंडा टाकावा तशी दाटी झाली. आणि निरोगी मेंदूत जी शीर काही सेकंदांनी भरायची, ती लगेच, त्याच दमात भरली. मॅडम पुटपुटतात, "बघा, आली." एमआरआय गुंता कुठे आहे ते सांगतो. आधी काय भरलं आणि नंतर काय, हे मात्र फक्त इथेच कळतं.

1970 साली स्टॉकहोमला अशा गुंत्यावर गामा नाइफ पहिल्यांदा वापरली, तेव्हा लेक्सेल आणि स्टायनर या सर्जनांच्या हाती एमआरआय नव्हता, सीटीही नव्हता. अँजिओग्राफीची छायाचित्रं, बस्स.

सकाळी 11.15. प्लॅनिंगची खोली. दिवसाचं खरं काम इथे चालतं. एमआरआय आणि अँजिओ एकाच चौकटीत बसवले. चूक 0.3 मिलिमीटर. चालेल. आता गुंत्याचा गाभा आखायचा. त्याला नायडस म्हणतात, लॅटिनमध्ये घरटं. किरण द्यायचे ते फक्त या घरट्याला. त्यात येणारी धमनी सोडायची, बाहेर जाणारी शीर सोडायची. घरटं चालू राहून शीरच आधी बंद झाली तर आतला दाब वाढतो आणि गुंता फुटू शकतो. घरट्याचा तुकडा राहिला तर तीन वर्षांची वाट पाहणं फुकट.

मॅडम माउसने एकेका कापावर पिवळी रेघ ओढतात. एका मिलिमीटरला एक रेघ. एका जागी हात थांबतो. बाहेरच्या बाजूला काळं वेटोळं आहे. या प्रकारच्या एमआरआयत वाहतं रक्त काळंच दिसतं, धमनी असो, शीर असो, घरटं असो.
"हे घ्यायचं?" सर्जन विचारतात.
रेडिओलॉजिस्ट अँजिओ एकेक चित्र पुढे सरकवतात. पहिल्या चित्रात वेटोळं नाही. दुसऱ्यात नाही. तिसऱ्यात घरटं भरलंय, वेटोळं अजून नाही. चौथ्यात उमटलं.
"शीर आहे. फुगलीय, म्हणून फसवते."
मॅडम सात कापांवरची रेघ पुसतात आणि पुन्हा ओढतात. घरटं 3.1 घन सेंटिमीटरचं 2.6 झालं. अर्धा घन सेंटिमीटर, मोठ्या हरभऱ्याएवढा. त्यासाठी चार माणसं चाळीस मिनिटं एका पडद्यासमोर बसली होती. आजची ही चाळीस मिनिटं मला सगळ्यांत मोलाची वाटली.

दुपारी 12.40. आता मज्जातंतू. काल वेगळा एमआरआय काढलाय, मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेने सरकतं ते पाहणारा. पाणी तंतूंच्या लांबीने सरकतं, त्यावरून तंतूंची वाट काढता येते. टोकियो विद्यापीठातल्या सर्जनांनी 2000 नंतरच्या दशकात ही वाट किरणांच्या आखणीत आणली. पडद्यावर हिरवा पट्टा येतो. नजरेचे तंतू. घरट्याला जवळजवळ खेटून. हा दुखावला तर दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं दिसणं जाईल. टेम्पोवाल्याला उजवीकडचं दिसणं म्हणजे ओव्हरटेक करणारी गाडी.

घरट्याच्या कडेला 22 ग्रे द्यायचेत; ग्रे म्हणजे किरणांच्या मात्रेचं माप. पहिल्या आखणीत 12 ग्रेची रेघ हिरव्या पट्ट्यावर चढली. मॅडम मोठे शॉट, म्हणजे किरणांचे मोठे ठिपके, काढून 4 मिलिमीटरचे बारीक शॉट घालतात. त्या बाजूचे सेक्टर बंद करतात. आठ सेक्टर, प्रत्येकात 24 स्रोत. रेघ मागे सरकते, एक कोपरा तेवढा राहतो. किरणांची वेळ 41 मिनिटांवरून 58 वर गेली. "जाऊ दे," त्या म्हणतात. "पडून राहील सतरा मिनिटं जास्त."

दुपारी 1.50. मॅडमचा डबा आत्ता उघडला. पोळी, गवार. बाहेर पेशंट फ्रेमच्या दांड्यांमधून चमच्याने उपमा खातोय. भाऊ खालून चहा घेऊन आला, पंधरा रुपयांना एक. लॉजचे रोजचे आठशे, आज तिसरा दिवस. उपचाराचा खर्च लाखांत आहे; त्यासाठी बैलजोडी विकली, थोडं सोसायटीचं कर्ज काढलं. तो या छोट्या रकमाच पुन्हा पुन्हा मोजतो. मोठी रक्कम मोजत नाही.

दुपारी 2.40. दुसरा फिजिसिस्ट सगळं वेगळं मोजून पाहतो. जुळतं. सर्जनची सही, रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टची सही, मॅडमची सही.

दुपारी 3.15. फ्रेम टेबलाला अडकवली. मॅडम कडी स्वतः ओढून बघतात, मग मामांना ओढायला लावतात.
"काही ऐकायचंय?"
"भजनं लावा."
सगळे बाहेर. दार बंद. टेबल आत सरकतं, मधूनमधून मिलिमीटरभर हलतं. आग नाही, आवाज नाही, कळ नाही. मॅडम 58 मिनिटं कॅमेऱ्यावरून नजर हटवत नाहीत. भाऊ बाकावर बसलाय, मोबाइल उलटा ठेवून.

दुपारी 4.30. फ्रेम निघते. हा क्षण फ्रेम बसवण्यापेक्षा जड जातो. दाब सुटला की डोकं ठणकतं. चार भोकं, दोनांतून थेंब थेंब रक्त. सिस्टर दाबून धरते, पट्टी बांधते. मामा फ्रेम पुसून खुंटीला लावतात, स्क्रू निर्जंतुक करायला पाठवतात. मामा ठेकेदाराचे. त्यांची पाळी तीनला संपली होती. जादा तासाचे पैसे मिळत नाहीत. "पेशंटला अर्ध्यात सोडून कसं जायचं," एवढंच बोलतात.

संध्याकाळी 5.20. सर्जन दोघा भावांना समोर बसवतात. गुंता आज बंद झालेला नाही. किरणांनी वाहिन्यांच्या भिंती आतून हळूहळू जाड होतात, पोकळी बुजते. दोन ते तीन वर्षं लागतात. तोवर फुटायची भीती होती तेवढीच आहे. फिटची गोळी एक दिवसही चुकवायची नाही. अचानक डोकं फुटल्यासारखं दुखलं, उलटी झाली, तर थेट मोठा दवाखाना. सहा महिन्यांनी एमआरआय. तीन वर्षांनी पुन्हा अँजिओ. लहान गुंता असलेल्या दहांपैकी सात-आठ जणांत तो तोवर पूर्ण बुजलेला असतो.
"गाडी?"
"आत्ता नाही. फिट थांबल्या की बोलू."
तो मान हलवतो. पट्टीवरून टोपी घालायला बघतो, टोपी बसत नाही. भाऊ ती पिशवीत ठेवतो.

संध्याकाळी 6.05. मॅडम प्लॅनची प्रत साठवतात. आजची पिवळी रेघ तीन वर्षांनी नव्या अँजिओशेजारी ठेवून बघायची आहे. दिवे घालवतात. उद्या सकाळी 5.50 ला पुन्हा दार, दिवे, कॅमेरा, इंटरकॉम, टायमर, लाल बटण.