खारफुटीच्या रोपवाटिकेतील मातीचा प्रश्न

खारफुटीच्या रोपवाटिकेत पिशव्या कोणत्या मातीने भराव्यात, हा प्रश्न वरवर पाहता केवळ माळीकामाचा वाटतो. वस्तुतः 2012 मध्ये महाराष्ट्रात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाल्यानंतर लागवडीस जे महत्त्व आले, त्याचे यशापयश बऱ्याच अंशी याच प्रश्नाशी निगडित आहे.

कांदळाचे बीज मातृवृक्षावर असतानाच रुजते आणि लांब, हिरव्या सोट्याच्या रूपाने गळून पडते. या सोट्यात साठविलेले अन्न पहिले काही महिने पुरते. त्यामुळे वाळू, गाळ, जांभी माती यांपैकी कशातही तो तग धरतो. अशा रोपांच्या आरंभीच्या उंचीवरून मातीची प्रत ठरविणे म्हणजे मातीऐवजी बीजाची शिदोरी मोजणे होय. तिवराची शिदोरी दोन जाड दलिकांत असते व ती लवकर संपते. चिपीचे बी तर अगदी बारीक. ते आधी गाळाच्या वाफ्यात रुजवून मग पिशवीत लावावे लागते. (पांढरी चिपी हा 2020 पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे.) मातीचे गुणदोष खऱ्या अर्थाने प्रकट होतात ते या दोन वृक्षांत.

खाडीचा गाळ खाडीतील रोपास मानवणारच, हा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. पाण्याखालील गाळात प्राणवायू नसतो. तेथील जीवाणू समुद्रजलातील सल्फेटाचे सल्फाइडात रूपांतर करतात आणि लोहाशी संयोग होऊन ते गाळात साचते. हाच गाळ उपसून उन्हात पसरला, की हवेच्या संपर्काने त्यापासून गंधकाम्ल तयार होते. सामू कधी कधी 4 च्याही खाली उतरतो. अशा आम्लतेत ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके जळतात. गाळात शिंपल्यांचा चुरा पुरेसा असेल, तर त्यातील चुना हे आम्ल शमवितो. म्हणूनच दोन खाड्यांचे दिसण्यात सारखे गाळ निरनिराळे फळ देऊ शकतात. ताज्या गाळाचा सामू मोजून भागत नाही. नमुना काही आठवडे ओलसर व हवेशीर ठेवून तो पुन्हा मोजणे अवश्य आहे.

निव्वळ गाळ वाळला की आकसतो, भेगाळतो आणि दिलेले पाणी पिशवीच्या कडेने वाहून जाते. वाळूत हवा खेळते, परंतु तीत अन्नांश तुटपुंजा असतो. शिवाय पिशवी फाडताच गोळा ढासळून बारीक मुळे तुटतात. या दोहोंच्या मिश्रणाकडे कल होतो तो यामुळेच. शेणखताविषयी हात आखडता घेणे बरे. पाणथळ पिशवीत ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही खर्ची पडतो, आणि नत्राच्या विपुलतेने शेंडा मुळांच्या मानाने फार वाढतो. असे डौलदार रोप रोपवाटिकेत नजरेत भरते. पण मऊ चिखलात भरतीच्या लाटांसमोर त्याला धरून ठेवणारी मुळेच अपुरी असतात.

यास्तव मातींची तुलना करताना मूळ व शेंडा यांची शुष्क वजने घ्यावीत, आणि प्रयोग रोपवाटिकेच्या कुंपणाशी न थांबविता लागवडीनंतरचा एक पावसाळा तरी पाहावा. सिंचनाच्या पाण्याची क्षारता सर्व गटांत सारखी राखणेही अगत्याचे आहे; गाळ मूळचाच खारट असल्याने बाष्पीभवनाबरोबर त्यातील मीठ अधिकच दाट होते, धुतलेल्या वाळूचे तसे नाही. पिशवीमागे एक किलो माती धरली, तरी एक लाख रोपांस 100 टन लागते. ती सारी खाडीतूनच उपसायची झाल्यास ज्या चिखलावर रोपे लावायची, तोच खणला जातो.