गच्चीवरची टाकी : पाक आणि साफ

आमच्या घरांमध्ये पाण्याबद्दल काळजी घेतली जात नाही असे कुणी म्हणू शकणार नाही. माठ रोज विसळला जातो, प्यायच्या पाण्यात कुणी हात बुडवला तर दादी रागावते, वुजूच्या लोट्याला नापाक हात लागू दिला जात नाही. पण हे सगळे पाणी ज्या टाकीतून येते ती मात्र कुणाचीच नसते. ती गच्चीवर असते. शिडी लावून वर जायचे कुणी, यावर घरात कधी ठरतच नाही. नळाला पाणी येणे बंद झाले किंवा वास येऊ लागला, की मगच कुणीतरी वर चढते.

भांडी झाकून ठेवा, मशकीचे तोंड बांधून ठेवा, अशी प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची शिकवण हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये आली आहे. झाकायला काही नसेल तर निदान एक काडी आडवी ठेवावी, असेही त्यात आहे. म्हणजे ‘झाकणच नव्हते’ ही सबब तेव्हाही चालली नाही. आपल्या महाराष्ट्रात मलिक अंबरने १७व्या शतकात औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी बांधली. तिचे पाणी जमिनीखालून, झाकलेल्या मार्गाने शहरात येत असे. आज आमची मशक म्हणजे पाचशे किंवा हजार लिटरची प्लास्टिकची टाकी. हुकूम तोच आहे.

उघड्या टाकीत काय होते?

नागपूरला पेंच प्रकल्पाचे आणि कन्हान नदीचे पाणी मिळते. शुद्धीकरण केंद्रात ते गाळून, क्लोरिन मिसळून सोडले जाते. चोवीस तास पाण्याची योजना आपल्या शहरात २०१२पासून राबवली जात आहे, तरी कित्येक वस्त्यांत पाणी ठरावीक वेळीच येते. त्यामुळे साठवल्याशिवाय गत्यंतर नाही. मात्र साठवलेल्या पाण्यातला क्लोरिन टिकत नाही. ऊन, उष्णता आणि तळाचा गाळ त्याला संपवतात. आणि नागपूरचे मे महिन्याचे ऊन तर सर्वांना ठाऊक आहे. त्याच उन्हाने प्लास्टिकचे झाकण तडकते, आणि पावसाळ्याआधीचे वादळ ते उडवून शेजारच्या गच्चीवर नेऊन टाकते. मग टाकीवर पत्र्याचा तुकडा आणि त्यावर वीट एवढेच उरते. फटीतून धूळ जाते, कबुतराची विष्ठा जाते, उजेड गेला की शेवाळ धरते.

सर्वांत छोटा पाहुणा सर्वांत महाग पडतो. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारीत नव्हे, घरातल्या स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो. मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते. ही अंडी कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने जिवंत राहतात आणि पाणी चढले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. २०२१च्या पावसाळ्यात नागपूरने डेंग्यूचा कहर पाहिला आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्गातली बाके रिकामी होऊ लागली, की आम्हा शिक्षकांना कारण विचारावे लागत नाही.

हा डास फार लांब उडत नाही. शेजारच्या तान्ह्या बाळाला चावलेला डास बहुधा त्याच गल्लीतल्या एखाद्या टाकीत किंवा कूलरमध्ये जन्मलेला असतो. ती टाकी आमची असू शकते. शेजाऱ्याच्या हक्काबद्दल आम्ही मुलांना इतके सांगतो, त्यात टाकीचे झाकणही मोजायला हवे.

पाक आहे, पण साफ आहे का?

इथे एक गैरसमज दूर करणे गरजेचे वाटते. हनफी फिकहनुसार डास, माशी यांसारख्या वाहते रक्त नसलेल्या जिवांमुळे पाणी नापाक होत नाही. म्हणून अळ्या असलेल्या पाण्याने वुजू होतो, हे खरे. पण तेच पाणी घरात ताप घेऊन येऊ शकते. पाक असणे ही नमाजची अट झाली. आरोग्यासाठी पाणी साफही असावे लागते. उलट कबुतर किंवा उंदीर टाकीत पडून मेला, तर घरच्या लहान टाकीचे पाणी दोन्ही अर्थांनी गेले. मग किती दिवसांच्या नमाजा परत पढायच्या, कपड्यांचे काय, हे प्रश्न उभे राहतात. ते मुफ्तीसाहेबांना विचारावेत. पण घट्ट झाकण असते तर विचारण्याची वेळच आली नसती.

टाकी धुण्याची रीत

वर्षातून दोनदा टाकी धुवावी : मृग लागण्यापूर्वी आणि पावसाळा संपल्यावर. काही घरांत रमजानच्या आधीच्या साफसफाईत टाकीही धुतात. चांगली गोष्ट आहे. पण रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो, डासांचा हंगाम सरकत नाही. म्हणून टाकीचा हिशेब ऋतूवर ठेवावा.

आदल्या दिवशी पाणी भरू नये, असलेले वापरून संपवावे. म्हणजे नासाडी, इस्राफ होत नाही. उरलेल्या पाण्यात नायलॉनच्या ब्रशने भिंती घासाव्यात, विशेषतः पाण्याच्या रेषेच्या वरचा पट्टा, कारण अंडी तिथेच असतात. साबण किंवा ॲसिड वापरू नये. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की विषारी वायू होतो. गाळ काढून टाकी विसळावी. नंतर हजार लिटरच्या टाकीला २५ टक्के क्लोरिनची ताजी ब्लीचिंग पावडर २०० ग्रॅम, पाचशे लिटरला १०० ग्रॅम, बादलीत कालवावी. चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओतून टाकी भरावी. घरातले सगळे नळ वास येईपर्यंत सोडून बंद करावेत. चोवीस तास ते पाणी पिऊ नये, वापरू नये. पिण्याचे पाणी आधीच वेगळे भरून ठेवावे. मग हे पाणी न्हाणीघर आणि नाली धुण्यासाठी घ्यावे, झाडांना घालू नये. टाकी एकदा विसळून पुन्हा भरावी.

जमिनीखालच्या टाक्यात मात्र कुणी एकट्याने उतरू नये. आत हवा कमी असते, माणूस बेशुद्ध पडू शकतो. ते काम जाणकारांकडून करून घ्यावे.

झाकण तडकले असेल तर नवीन आणावे. ते येईपर्यंत जुनी मच्छरदाणी दुहेरी करून दोरीने ताणून बांधावी. झाकण लावूनही बहुतेक लोक एक जागा विसरतात : जास्तीचे पाणी बाहेर टाकणारा पाइप. त्याच्या तोंडालाही जाळी बांधावी, नाहीतर डास तिथूनच आत जातो. झाकणाला तार बांधली की वादळात ते उडत नाही.

दर जुम्याला दहा मिनिटे

सात दिवसांत एकदा साखळी तोडली तर डास तयारच होत नाही. जुम्याच्या गुस्लआधीची दहा मिनिटे यासाठी ठेवता येतील. टाकीचे झाकण पाहावे. कूलरचे पाणी काढून टाकी घासावी. जून संपला की कूलर पूर्ण कोरडा करूनच ठेवावा. फ्रिजमागचा ट्रे, पाखरांसाठी ठेवलेले पाण्याचे भांडे, गच्चीवरचे टायर आणि कुंड्यांखालच्या थाळ्या पाहाव्यात. भाड्याच्या घरात टाकी सामाईक असेल तर वर्गणी काढावी आणि धुतल्याची तारीख टाकीवरच रंगाने लिहावी. तारीख लिहिलेली असली की पुढची पाळी कुणाची, यावर वाद होत नाही.

वर चढायचे काम घरातल्या मोठ्यांचे. मुलांना एकटे पाठवू नये. पण जाळी बांधणे, तारीख लिहिणे, कूलर घासणे ही कामे मुलामुलींना जरूर द्यावीत. भांडे झाकण्याची हदीस त्यांना पाठ असते. या कामातून तिच्यावर अमलही होईल, इन्शाअल्लाह.