जिद्दीचे कौतुक आणि शिष्यवृत्तीचा हिशोब

दलित विद्यार्थी पदवीधर झाला की वस्तीत सत्कार होतो. 'परिस्थितीवर मात केली' हे वाक्य त्या सभेत ठरलेलेच. पण या गौरवात एक गोष्ट नजरेआड होते. जिद्द आमच्या वस्त्यांत कधीच कमी नव्हती. कमी होता तो वेळेवर हाती येणारा पैसा आणि पाठ टेकायला जागा.

खुद्द बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. साताऱ्याच्या शाळेत ते वेगळे, गोणपाटावर बसत. शाळा झाडणारा नोकर ते गोणपाट शिवत नसे, म्हणून रोज घरी न्यावे लागे. पुढे परळच्या चाळीत साऱ्या कुटुंबाला एकच खोली. रामजी सुभेदार त्यांना पहाटे दोनला अभ्यासाला उठवीत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. एवढी बुद्धी आणि एवढी जिद्द असूनही वडिलांच्या पेन्शनीत कॉलेज निभेना. केळुसकर गुरुजींनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, आणि त्यावर बी. ए. पुरे झाले.

हा अनुभव बाबासाहेब विसरले नाहीत. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले. त्याचे वर्ग सकाळी भरत, कारण विद्यार्थ्याला दिवसा नोकरी करून घर चालवायचे असे. १९५० साली औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) कॉलेज निघाले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. तिथल्या वसतिगृहांमुळे मराठवाड्याच्या खेड्यांतली मुले शिकू शकली. शहरात खोली मागताना आधी आडनाव विचारले जाते; वसतिगृहात तो प्रश्न उरत नाही.

अनुसूचित जातींसाठी सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी महाराष्ट्रात २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. योजना आहेत, पण पैसा उशिरा आला तर योजनेचा अर्थच हरवतो. मेसचे बिल दर महिन्याला द्यावे लागते, आणि शिष्यवृत्ती कधी कधी वर्ष सरताना येते. मधले महिने आई मजुरीतून ओढते किंवा व्याजाने पैसे आणते. तेही थकले की मूल दुसऱ्या सत्रात गावी परतते. मुलगी असेल तर घरचे तिच्या लग्नाचे बोलू लागतात. हजेरीपटावर 'गैरहजर' एवढीच नोंद राहते, आणि लोक म्हणतात, जिद्द कमी पडली.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना एक सांगणे आहे. सत्कार जरूर करा. पण पदवीधरांबरोबर मध्येच शिक्षण सोडलेल्यांचीही यादी ठेवा. कोणाचा अर्ज कोणत्या टेबलावर अडला, ते जाऊन विचारा. मेसच्या दोन महिन्यांच्या बिलापुरता निधी वस्तीत उभा करा. जे मूल गोणपाटावर बसून मॅट्रिक होते, त्याला जिद्दीचे धडे नकोत. त्याच्या हक्काचे पैसे त्याला वेळेवर मिळाले पाहिजेत.