पाण्याच्या १४ पट?

‘वितळणारे पदार्थ पाण्याच्या ५ ते १४ पट उष्णता साठवतात.’ सूर्याची उष्णता साठवायचा विषय निघून मेदाम्लांचं नाव आलं की हे वाक्य येतंच. प्रकल्पवहीत येतं, माहितीपत्रकात येतं. ‘रिन्यूएबल अँड सस्टेनेबल एनर्जी रिव्ह्यूज’मधल्या २००९ सालच्या एका समीक्षालेखातही हा आकडा आहे, पण तिथे तुलना पाणी, वीटकाम आणि दगड यांच्याशी मिळून केलेली आहे. पुढे विटा-दगड गळाले आणि सगळा आकडा एकट्या पाण्याच्या माथी बसला.

मुळात ‘किती पट’ या प्रश्नाला ‘किती अंशांपासून किती अंशांपर्यंत?’ हे विचारल्याशिवाय उत्तरच नाही.

लॉरिक आम्ल घ्या. खोबरेल तेलातल्या मेदाम्लांपैकी जवळपास निम्मं हेच असतं. ते सुमारे ४४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि वितळताना किलोमागे सुमारे १७८ किलोज्यूल उष्णता पोटात घेतं. तापमान मात्र जागचं हलत नाही. हाच अप्रकट उष्मा. आता ३९ ते ४९ अंश एवढाच टप्पा पाहा. किलोभर पाण्यात ४२ किलोज्यूल मावतात, लॉरिक आम्लात सुमारे १९८. पावणेपाच पट! पण टाकी २५ पासून ८५ अंशांपर्यंत तापवली तर पाणी २५० घेतं आणि लॉरिक आम्ल ३०० च्या आतबाहेर. शिवाय ते पाण्याहून हलकं असल्यामुळे लिटरमागे हिशेब केला तर जवळपास बरोबरी होते. १४ पट गेले कुठे?

म्हणून पुण्यातल्या गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत पाण्याऐवजी मेदाम्ल भरा, असं कोणी सुचवलं तर आधी हा हिशेब मागावा. सौर वाळवणीयंत्राची गोष्ट वेगळी. तिथे ऊन उतरल्यावरही हवा चाळिशीच्या आसपास राहायला हवी असते, आणि त्या अरुंद टप्प्यात लॉरिक आम्ल खरोखर कामाचं आहे.

बाकीच्या शंका लवकर मिटतात. मेदाम्लं खवट होतील का? खवटपणाचं मूळ असंपृक्त मेदाम्लांच्या दुहेरी बंधांत असतं. लॉरिक, पामिटिक, स्टिअरिक संपृक्त आहेत. ‘आम्ल’ या नावाने भांडं गळेल अशी भीती वाटते, पण स्टेनलेस स्टील आणि ॲल्युमिनियम त्यांना चांगलं तोंड देतात. साधं पोलाद आणि तांबं वापरताना जपावं. ती पेटत नाहीत, हे मात्र साफ चूक: मेणबत्त्या स्टिअरिक आम्लाच्याही होतात.

पुन्हापुन्हा वितळून माल ‘संपतो’ ही समजूत बहुधा डोव्हरहून आली असावी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या या गावी १९४८ मध्ये मारिया टेल्केस यांनी सौर घर उभं केलं, आणि काही हिवाळ्यांनंतर त्यातला उष्णतासाठा निकामी झाला. पण तो होता ग्लॉबर मिठाचा. ते वितळताना थर वेगळे पडतात. मेदाम्लांत तसं घडत नाही. तुर्कस्तानच्या अहमेत सारी यांनी २००३ मध्ये मेदाम्लं १२०० वेळा वितळवून-थिजवून केलेली चाचणी प्रसिद्ध केली, तेव्हा अप्रकट उष्म्यात १ ते सुमारे २८ टक्के घट दिसली.

खरी उणीव कोणी विचारतच नाही. मेदाम्लांची उष्णतावाहकता पाण्याच्या जेमतेम पाव. उष्णता काढू लागलं की नळीभोवती आधी थिजलेला थर धरतो आणि आतली उष्णता अडवून बसतो. त्यासाठी नळ्यांना धातूचे पंख लावावे लागतात किंवा ग्रॅफाइट मिसळावं लागतं, आणि तेवढी जागा साठ्यातूनच जाते.