मुलूख परत मिळाला, छावणी राहिली

भंडाऱ्यावरून इंग्रजी अंमल दोनदा उठला. १९४७ची आठवण घरोघरी आहे. १८३०ची मात्र जिल्ह्यातही क्वचितच निघते. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचायला हवेत.

नोव्हेंबर १८१७मध्ये सीताबर्डीच्या टेकड्यांवर नागपूरकर भोसले हरले. पुढच्याच वर्षी अप्पासाहेब पदच्युत झाले, अल्पवयीन रघुजी तिसरे गादीवर आले आणि कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्सच्या हाती गेला. गोंदियाजवळच्या कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील बंड करून उठला, त्याचाही मोड झाला. वैनगंगेच्या मुलखावर इंग्रज अधिकारी बसले.

१८२६च्या तहाने सज्ञान रघुजींना नागपूरचा कारभार परत मिळाला. वैनगंगेकाठचा मुलूख, चांदा, छत्तीसगड हे सुभे मात्र कंपनीने राखून ठेवले, ते फौजेसाठी. राजाच्या पैशावर पोसलेली, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली एक सहायक फौज होती. तिचा पगार या सुभ्यांच्या वसुलातून भागे. म्हणजे भंडाऱ्याचा शेतकरी धानाच्या बांधीवर जो सारा भरी, तो राजाच्या तिजोरीऐवजी या फौजेकडे वळे. फौज उभी होती तोवर मुलूख सुटणे शक्य नव्हते.

ही गाठ २७ डिसेंबर १८२९च्या कराराने सुटली. सहायक फौज मोडायची, राखीव सुभे राजाच्या हवाली करायचे आणि त्याबदल्यात राजाने कंपनीला दरसाल ८ लाख रुपये द्यायचे, असे ठरले. त्या काळात गव्हर्नर जनरल बेंटिंक खर्चाला सर्वत्र कात्री लावत होता, हेही लक्षात घ्यावे. १८३०मध्ये भंडारा पुन्हा भोसल्यांकडे आला.

पण करार जिथे पोचला नाही ती जागा महत्त्वाची आहे. कन्हानकाठी १८२१ साली वसलेली कामठीची छावणी जागची हलली नाही. सीताबर्डीचा किल्लाही इंग्रजांकडेच राहिला. ११ डिसेंबर १८५३ रोजी रघुजी निपुत्रिक वारले. डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारून १८५४मध्ये राज्य खालसा केले, तेव्हा राजधानीपासून काही कोसांवर कंपनीची पलटण तयारच होती.

१९४७चा आराखडा नेमका इथे वेगळा ठरला. १५ ऑगस्टनंतर गोऱ्या पलटणींकडे देशाच्या कारभारात कसलीही कामगिरी उरली नाही. टप्प्याटप्प्याने त्या मुंबईहून जहाजाने रवाना झाल्या. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन आपली निशाणे घेऊन गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीतून बाहेर पडली. भारतीय पलटणींनी मानवंदना दिली आणि गेटवेची चांदीची प्रतिकृती भेट म्हणून दिली. त्यानंतर एकही ब्रिटिश पलटण या भूमीवर उरली नाही.

सत्तांतराचा करार वाचताना आधी सैन्याचे कलम वाचावे. १८३०मध्ये रघुजींना मुलूख मिळाला. १९४८मध्ये आपल्याला छावण्याही मिळाल्या. स्वातंत्र्य पुरे झाले ते या दुसऱ्या गोष्टीने.